पितळेला जात नसते



या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे मुलांच्या शिक्षणाविषयी, नोकरीविषयी किंवा लग्नातल्या अवाजवी खर्चाविषयी असतात. या वेळी मालवण तालुक्यातल्या मसुरे गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे आणि त्याचा विषय अगदी निराळा आहे. त्यांचे सासरे मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये वाजवीत. थकल्यावर ते गावी आले, सोबत एक पितळी वाद्य घेऊन आले. ते आता हयात नाहीत. वाद्य माळ्यावर पडून आहे. मुलगा म्हणतो, "आये, ह्यां भंगारात घालूया." भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला आहे. इतके असते तर गोष्ट सोपी होती. पण वाडीतल्या एका वडीलधाऱ्याने ताईंना ऐकवले, "वाजंत्रीपणा आपण कधीच सोडला. ती लाज घरात कशाला जपून ठेवतेस?"

ताईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. हे वाद्य नेमके कसले आणि त्याची किंमत ती काय? आणि ते घरात ठेवण्यात खरोखरच कमीपणा आहे काय? पहिला प्रश्न माहितीचा आहे, दुसरा मनाचा. दोन्हींची उत्तरे द्यायची तर थोडे दुरून यावे लागेल. वाचकांनी धीर धरावा.

ताईंनी केलेल्या वर्णनावरून हा टेनर सॅक्सोफोन दिसतो. भोंगा वर वळलेला, वरची मान हंसासारखी वाकलेली, अंगभर चाव्या आणि दांड्या, वजन तीन-साडेतीन किलो. सॅक्सोफोन हे एक कुटुंबच आहे. सर्वांत लहान आणि बहुधा सरळ असतो तो सोप्रानो, त्याहून मोठा ऑल्टो, मग टेनर, आणि सर्वांत भारदस्त बॅरिटोन. नेहमी दिसतात ते हे चार. टेनरचा आवाज पुरुषाच्या बोलण्याच्या पट्टीत बसतो. त्याच्या लोकप्रियतेचे अर्धे गुपित इथेच आहे.

गंमत अशी की अंग पितळेचे असूनही जाणकार याला लाकडी वाद्यांच्या वर्गात, म्हणजे बासरी-क्लॅरिनेटच्या पंगतीत बसवतात. कारण आवाज निर्माण करते ती रीड. दक्षिण फ्रान्सच्या वार भागात बोरूसारखे एक जाड गवत पिकते, त्याची तासलेली पात माउथपीसला बांधतात. वाजवणाऱ्याच्या फुंकीने ती थरथरते आणि आतल्या हवेला कंप देते. आपल्या कोकणातली सनई डोळ्यांसमोर आणा. सनईला दुहेरी पत्ती असते, सॅक्सोफोनला एकेरी. पण दोघांची नळी वरून अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी. या नात्याने सॅक्सोफोन हा सनईचा दूरदेशी राहणारा भाऊच म्हणा ना! नळीवर वीसहून अधिक भोके, प्रत्येक भोकावर झाकण आणि झाकणाच्या आत चामड्याची गादी, तिला पॅड म्हणतात. जुने कारागीर हे पॅड लाखेने चिकटवीत. तीच लाख, जी आपल्या देशातल्या जंगलांतून जगभर गेली.

हे वाद्य घडवले अडोल्फ सॅक्स या कारागिराने. जन्म बेल्जियममधल्या दिनां गावी, १८१४ साली. वडीलही वाद्येच बनवीत. सॅक्सने पॅरिसला कारखाना थाटला आणि १८४६ मध्ये सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. त्याला असे वाद्य हवे होते की ज्यात पितळी वाद्याचा जोर असेल आणि लाकडी वाद्याची लवचीकता. फ्रान्सच्या लष्करी बँडने ते उचलले. पण प्रतिस्पर्धी कारखानदारांनी सॅक्सवर खटल्यांमागून खटले भरले. तीन वेळा त्याचे दिवाळे निघाले आणि १८९४ मध्ये तो हलाखीतच वारला. आपल्या वाद्याचे पुढे काय झाले, हे पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

पुढे काय झाले, हेच आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मोठ्या वाद्यवृंदांनी सॅक्सोफोनला फारसे जवळ केले नाही. सरदार-दरकदारांच्या सभागृहात त्याला कायमची खुर्ची मिळाली नाही. त्याला घर दिले ते अमेरिकेतल्या निग्रो जनतेने, म्हणजे गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी. बँडमध्ये नि नाचघरात वाजणाऱ्या या वाद्यातून त्यांनी आपला उसासा आणि आपले हसू बाहेर काढले. कोलमन हॉकिन्स या कलावंताने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी 'बॉडी अँड सोल' हे गीत टेनरवर वाजवून ध्वनिमुद्रित केले. गाणारा नाही, फक्त टेनर, सुमारे तीन मिनिटे. मूळ चाल जेमतेम सुरुवातीला दिसते आणि मग तो माणूस आपल्या मनाने बोलत सुटतो. ती तबकडी हजारो घरांत गेली. टेनर हे गंभीरपणे ऐकण्याचे वाद्य आहे, ही गोष्ट तिने जगाला पटवली.

ज्यांना माणसामाणसांत उच्चनीच हवे असते, त्यांना हा आवाज खुपणारच. १९३८ मध्ये हिटलरच्या राजवटीत ड्युसेलडॉर्फ शहरात 'अधःपतित संगीता'चे एक प्रदर्शन भरवले गेले. लोकांनी कोणत्या संगीताचा तिरस्कार करावा, हे शिकवण्यासाठी! त्याच्या भित्तिपत्रकावर चित्र कोणाचे होते? सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका काळ्या माणसाचे, आणि त्याच्या छातीवर ज्यूंचा तारा. म्हणजे काळा, ज्यू आणि सॅक्सोफोन या तिघांची एकाच फटक्यात निर्भर्त्सना. एखाद्या सुरालासुद्धा अस्पृश्य ठरवता येते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये निग्रोंचे नेते डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. हे नाते विचारांचे आहे, तसे सुरांचेही आहे. आपण त्याची वास्तपुस्त केली नाही, इतकेच.

आता हे वाद्य आपल्याकडे कसे आले ते पाहू. ब्रिटिशांच्या पलटणींबरोबर बँड आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा निग्रो वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला आणि मुंबईकर वादकांनी जॅझ प्रत्यक्ष ऐकला. टेनर वाजवणारे आपले कलावंतही तयार झाले. रूडी कॉटन या नावाने गाजलेले वादक मूळचे पारशी, कावसजी खटाव. आमच्या मसुऱ्याहून गोव्याची हद्द फार दूर नाही, आणि त्या गोव्यातून तर वादकांची रांगच मुंबईला आली. चर्चच्या शाळांतून त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवीत. त्या एका शिक्षणावर त्यांनी हॉटेलांत, नाचघरांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोट भरले, नाव कमावले. टेनर हाती घेतलेले गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस हे त्यातले मोठे नाव. आपल्याकडचे राग आणि पाश्चात्त्य ताल यांची सांगड घालणारी 'रागा रॉक' ही त्यांची तबकडी १९७० ची.

चित्रपटात सॅक्सोफोन म्हटले की मनोहारी सिंग. ते मुख्यतः ऑल्टो वाजवीत. 'कश्मीर की कली' (१९६४) मधले रफीसाहेबांचे ते नशेतले गाणे आठवा, त्यात गळ्याच्या तोडीस तोड बोलतो तो त्यांचा सॅक्सोफोन. हे मनोहारी सिंग कुठे घडले, ठाऊक आहे? कलकत्त्याजवळच्या बाटानगरात, बाटाच्या चपला-बुटांच्या कारखान्याच्या बँडमध्ये! तिथून ते १९५८ च्या सुमारास मुंबईला आले आणि २०१० मध्ये वारले तेव्हा साऱ्या चित्रसृष्टीने त्यांना मानाने निरोप दिला. कामगारांच्या बँडमधून आलेला माणूस देशाच्या कानांत जाऊन बसला. आपल्या गिरणी कामगारांच्या पोरांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट मुंबईच्या वाचकांसाठी. सनी रोलिन्स हे टेनरचे जगातले एक महान वादक. जन्म १९३० चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत. १९५८ मध्ये त्यांनी 'फ्रीडम स्वीट' ही जवळजवळ वीस मिनिटांची रचना केली आणि निग्रोंवर होणाऱ्या अन्यायाविषयी तबकडीवरच चार शब्द छापले. कीर्ती असूनही १९५९ मध्ये ते कार्यक्रम थांबवून पुन्हा सरावाला लागले. राहत होते दाटीच्या इमारतीत. शेजारी गरोदर बाई. तिला त्रास नको म्हणून हा माणूस वाद्य घेऊन विल्यम्सबर्ग पुलावर जाई आणि आगगाडीच्या खडखडाटात, बोटींच्या भोंग्यांत तासन्‌तास वाजवीत बसे. ऊन असो, थंडी असो, १९६१ पर्यंत हा क्रम चालला. चाळीत राहून अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलांना याहून चांगला दाखला कोणता द्यावा? शेजाऱ्याची झोप मोडायची नाही आणि अभ्यासही सोडायचा नाही! हेच रोलिन्स त्या दशकाच्या अखेरीस भारतात आले आणि काही महिने आपल्या मुंबईच्या पवईत राहिले.

आता आवाजाकडे वळू. टेनरचा आवाज कसा असतो, हे ज्याने ऐकले नाही त्याला शब्दांत सांगणे अवघड. रात्रभर एस.टी.त बसून पहाटे गावी पोहोचलेला चाकरमानी आठवा. घसा बसलेला आहे, झोप झालेली नाही, पण चहाचा कप हातात घेऊन पडवीत बसून तो हलक्या आवाजात मुंबईच्या गोष्टी सांगतो आहे. खालच्या पट्टीतला टेनर असा बोलतो. वरच्या पट्टीत चढला की तोच आवाज एखाद्या शाहिराच्या हाकेसारखा चौक भरून टाकतो. मधल्या पट्टीत तो गातो. हळू वाजवताना तर सुराच्या आधी वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, अगदी शेजारी बसल्यासारखा. पेटीत माणसाचा श्वास ऐकू येत नाही. इथे तो दडवताच येत नाही.

म्हणूनच दोन माणसांचा टेनर कधी सारखा वाजत नाही. वर सांगितलेल्या हॉकिन्सचा सूर भारी, भरदार, कंप पावणारा. त्याच काळात लेस्टर यंग नावाचा दुसरा काळा कलावंत होता. त्याचा सूर हलका, सरळ, जणू पाण्यावर होडी वाहते आहे. वाद्य एकाच जातीचे, पण दोन स्वभाव, दोन आवाज. ऐकणाऱ्यांमध्ये त्यावरून वाद होत. पण वाद व्हावा इतका फरक एका नळीतून निघतो, ही केवढी किमया!

जुन्या टेनरला आज एवढी मागणी का? अमेरिकेत एल्कहार्ट गावी कॉन कंपनी होती. तिने १९३० च्या दशकात काढलेला 'टेन एम' हा टेनर वादक आजही शोधत फिरतात. भोंग्यावर कोरलेल्या बाईच्या चित्रावरून तो ओळखतात. फ्रान्सच्या सेल्मर कंपनीने १९५४ मध्ये 'मार्क सिक्स' काढला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचे टेनर बनवले. चांगल्या अवस्थेतला मार्क सिक्स टेनर आज परदेशात अनेक लाख रुपयांना जातो. नवा, चकचकीत सॅक्सोफोन त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळत असताना!

यामागे कितीतरी दंतकथा आहेत. कोणी म्हणतो, महायुद्धात वितळवलेल्या तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांचे पितळ वापरले, म्हणून असा सूर. कोणी म्हणतो, चर्चच्या घंटांचे पितळ. थोडक्यात काय, तर धातूच थोर कुळातला! कुळ चांगले म्हणून गुण चांगले, हे तर्कशास्त्र आपल्या ओळखीचे आहे. हजारो वर्षे ते आपल्याच डोक्यावर आपटले गेले. तेव्हा त्याची परीक्षा आपण नाही करायची तर कोणी?

परीक्षा झालेली आहे. १९७१ मध्ये जॉन कोल्टमन या शास्त्रज्ञाने आतून अगदी एका मापाच्या तीन बासऱ्या केल्या. एक चांदीची, एक तांब्याची, एक लाकडाची. ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना धातू दिसू दिला नाही. कोणती बासरी कशाची, हे कोणालाही ओळखता आले नाही. कारण कापते ती नळीतली हवा. नळीचा आतला आकार, भोकांची जागा, माउथपीसची घडण, रीड आणि वाजवणाऱ्याचे ओठ, घसा, छाती हे सूर ठरवतात. भिंत कशाची आहे याचा वाटा फार थोडा. याहून बोलका पुरावा हवा असेल तर १५ मे १९५३ ची गोष्ट घ्या. त्या दिवशी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये थोर निग्रो वादक चार्ली पार्कर याने चक्क प्लॅस्टिकचा ऑल्टो वाजवला. ती मैफल आजही जॅझच्या सर्वश्रेष्ठ मैफलींत गणली जाते. प्लॅस्टिक, वाचकहो, प्लॅस्टिक!

मग जुनी वाद्ये चांगली असतात हे खोटे का? मुळीच नाही. फक्त त्याचे कारण जन्मात नाही, कामात आहे. ज्यांनी ती घडवली त्या कामगारांचा हात तयार होता आणि नळीचा आकार वर्षानुवर्षे घासूनपुसून ठरवलेला होता. कॉनच्या जुन्या टेनरच्या भोकांच्या कडा पितळातूनच ओढून बाहेर वळवलेल्या असत. ते काम सोपे नव्हे. दुसरे कारण असे की त्या काळातही रद्दड वाद्ये भरपूर बनली, ती केव्हाच भंगारात गेली. चांगली तेवढी जपली गेली, म्हणून आपल्याला जुने सगळेच चांगले वाटते. आणि तिसरे कारण, आपल्या कानांत त्या काळच्या तबकड्या बसल्या आहेत. त्या आवाजाच्या जवळ जाणारे वाद्य हाती आले की वादकाचे मन भरून येते. जन्माने कोणी श्रेष्ठ नाही, कर्माने होतो, हे तथागतांनी माणसाविषयी सांगितले. पितळेच्या नळीलाही ते लागू पडते, एवढेच मी म्हणतो.

आता ताईंचा दुसरा, अवघड प्रश्न. वाडीतले ते वडीलधारे वाईट हेतूने बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या बोलण्यामागे इतिहास आहे. गावगाड्यात वाजवणे हे काहींच्या माथी जन्माने मारलेले काम होते. सण असो, मयत असो, पाटलाच्या घरचे लग्न असो, बोलावले की गेलेच पाहिजे. मोबदला काय, तर बलुतं आणि उरलेलं अन्न. वाजवायचे अंगणात आणि जेवायचे उकिरड्याशेजारी. चामड्याला हात लागतो म्हणून हलगी वाजवणारा हलका. थुंकी लागते म्हणून फुंकून वाजवणाराही उच्चवर्णीयांच्या लेखी हलकाच. बाबासाहेबांच्या शिकवणीनंतर अनेक गावांतल्या आपल्या लोकांनी गावकीची कामे टाकली, त्यात हे वाजवणेही टाकले. उपाशी राहिले, मार खाल्ला, पण टाकले. ते योग्यच केले. त्या पिढीला आपण वंदन केले पाहिजे.

परंतु त्यांनी टाकले ते काय, हे नीट पाहा. त्यांनी वेठ टाकली, सूर टाकला नाही. सूर टाकला असता तर भीमराव कर्डकांचे जलसे कुठून आले असते? वामनदादांची गाणी वाडीवाडीत कशी पोहोचली असती? ढोलकी, पेटी, बुलबुल तरंग आपल्या घराघरांत राहिली. फरक एवढाच की आता वाजवायचे की नाही, कोणासाठी वाजवायचे आणि किती पैसे घ्यायचे, हे वाजवणारा ठरवू लागला.

ताई, तुमच्या सासऱ्यांचा सॅक्सोफोन या दुसऱ्या बाजूचा आहे. त्यांच्या जन्माने तो त्यांच्या गळ्यात बांधला नव्हता. मुंबईला जाऊन, कोणाच्या तरी हाताखाली शिकून, ओठ फुटेपर्यंत सराव करून त्यांनी ती विद्या मिळवली. ठरवून सुपारी घेतली, वाजवले, मजुरी घेतली. त्या मजुरीवर गावी मनिऑर्डर आली, मुले शिकली. गिरणीतल्या साच्यावर उभा राहणारा आणि वरातीत टेनर फुंकणारा हे दोघेही कष्टाचेच खाणारे. बँडवाल्याला लोक अजून हलका लेखतात हे खरे. लग्नघरी त्याला शेवटच्या पंगतीला बसवतात हेही खरे. पण त्यात लाज वाटायची असेल तर ती बसवणाऱ्याला वाटावी. विद्या ज्याने मिळवली त्याने मान खाली का घालायची?

दक्षिणेत मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ यांचे उदाहरण घ्या. वडील नागस्वरम वाजवणारे. मुलाने म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि हट्टाने तो कर्नाटक संगीतासाठी वळवून घेतला. बँडचे वाद्य शास्त्रीय मैफलीत कसे चालेल म्हणून नाके मुरडणारे होतेच. त्यांनी वर्षानुवर्षे रियाज केला. १९९४ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात ते वाजवून आले, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते गेले, तोवर नाके मुरडणाऱ्यांची मुलेच त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली होती.

आता थोडे व्यवहाराचे. ही माहिती ताईंप्रमाणेच ज्या-ज्या घरांत जुने वाद्य पडून असेल त्यांनी कात्रण करून ठेवावी.

पहिली गोष्ट, भंगारात देऊ नका. तीन-साडेतीन किलो पितळेचे फार तर दीड-दोन हजार रुपये हातात पडतील. वाद्य म्हणून त्याची किंमत किती तरी पट असू शकते. भोंग्यावर काय कोरले आहे ते उजेडात धरून वाचा आणि वहीत जसेच्या तसे उतरवा. मागच्या बाजूला, अंगठा टेकतो त्याच्या खाली, बहुधा एक आकडा ठोकलेला असतो. त्यावरून वाद्य कोणत्या साली बनले ते कळते. पण नाव कोरले म्हणजे माल अस्सल, असे नव्हे. मोठ्या कंपन्यांची नावे कोरलेला नकली मालही बाजारात असतो. सेल्मर किंवा कॉन निघाला तर भाग्यच. पूर्व जर्मनीचा वेल्टक्लांग किंवा चेकोस्लोव्हाकियाचा आमाटी निघाला तरी निराश होऊ नका. किंमत कमी येईल, पण ती टिकाऊ वाद्ये आहेत आणि शिकणाऱ्या मुलाला उत्तम. मेरठच्या जली कोठी भागातही बँडची वाद्ये बनवण्याचा धंदा मोठा आहे. तिथली नादिर अली कंपनी १८८५ सालची.

दुसरी गोष्ट, घासू नका! घरातल्या बायका हौसेने पितळेची भांडी चिंचेने, राखेने, पावडरीने लख्ख करतात. वाद्याला हे केले तर वरचा मुलामा जातो, कोरीव काम झिजते, पॅड भिजून कुजतात. काळसर रंग हा दोष नाही. जाणकार गिऱ्हाईक तो रंग पाहूनच जादा पैसे देतो. भांड्यांना डाग देणाऱ्याकडूनही दुरुस्ती करू नका. फक्त कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपा.

तिसरी गोष्ट, कोकणातला पाऊस आणि खारी हवा. आपल्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गडनदीच्या खाडीकडून येणारा दमट वारा चामड्याच्या पॅडला बुरशी आणतो आणि सुईएवढ्या पोलादी स्प्रिंगांना गंज चढवतो. तेव्हा वाद्य चुलीच्या धुरावरच्या माळ्यावर ठेवू नका, भिंतीला टेकून किंवा खिळ्याला टांगूनही ठेवू नका. पेटीत आडवे ठेवा आणि कोरडे ऊन पडले की पेटी उघडून सावलीत वारा द्या. वाजवल्यावर आतून फडके ओढून थुंकीचा ओलावा काढायचा असतो. रीड आणि माउथपीस ज्याचा त्याने वेगळा ठेवावा, आरोग्याच्या दृष्टीने ते बरे.

चौथी गोष्ट, वाद्य वाजत नाही म्हणून ते मेले असे समजू नका. जुन्या सॅक्सोफोनचे पॅड, बूच आणि स्प्रिंगा बदलल्या की तो पुन्हा बोलतो. मुंबईत, गोव्यात हे काम करणारे कारागीर आहेत. आपल्या भागातल्या बँडवाल्यांना त्यांचे पत्ते ठाऊक असतात. खर्च हजारांत येईल, म्हणून आधी दोघांना दाखवा आणि काय-काय बदलणार ते लिहून घ्या. विकायचेच ठरले, तरी आधी एखाद्या वाजवणाऱ्याकडून वाजवून घ्या आणि मगच भाव बोला. गरज असेल तर विकण्यातही काही गैर नाही. मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे असतील तर सासऱ्यांच्या वाद्याने तेवढे काम केले, याचा त्यांना आनंदच झाला असता. फक्त ते वजनावर जाऊ नये, गुणावर जावे.

पण घरातल्या कुणाला शिकायची इच्छा असेल तर विकायची घाई करू नका. मुलाने विचारले नाही तर मुलीला विचारा. हे वाद्य पुरुषांचेच, असा कुठे नियम नाही. लहान मुलाला टेनर जड पडतो, चाव्यांपर्यंत बोटे पोहोचत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या पुढे सुरुवात करावी. पहिले काही महिने घरात म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज येईल, शेजारी कुरकुरतील. तेव्हा खाडीकाठी जाऊन वाजवावे, रोलिन्सचा पूल आठवावा. रोज अर्धा तास नेमाने बसले तर वर्षभरात साधी गाणी येऊ लागतात. स्वरलिपी मात्र पहिल्या दिवसापासून शिकावी. गोव्याच्या मुलांना ज्या विद्येने मुंबईत भाकरी दिली, ती हीच.

येत्या रविवारी सगळ्या वाचकांनी एक करावे. मुलांच्या हातातल्या मोबाईलवर कोलमन हॉकिन्सचे 'बॉडी अँड सोल' लावायला सांगावे. जेवणे झाल्यावर, टी.व्ही. बंद करून, तीन मिनिटे सगळ्यांनी मिळून ऐकावे. शब्द नाहीत, तेव्हा भाषेची अडचण नाही. कोणाला काय ऐकू आले, हे मग एकमेकांना विचारावे. आजीला काही वेगळे ऐकू येईल, नातीला काही वेगळे. आमच्याकडे लिहून पाठवलेत तर पुढच्या एखाद्या अंकात त्यातली पत्रे जरूर छापू.

जयभीम!